कौटुंबिक रजा विम्याचा कायदा रद्द होण्याच्या भीतीने बाबांनी रजा आधीच घ्यावी का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजूत चुकत असेल तर तुम्हाला लगेच सांगता येईल. तुम्ही उभयता वॉशिंग्टन राज्यात बेलव्ह्यूला राहता आणि एप्रिलच्या अखेरीस बाळंतपण अपेक्षित आहे. साताऱ्याहून तुमच्या सासूबाई एप्रिलच्या सुरुवातीला येणार आणि सप्टेंबरअखेर परत जाणार; त्यानंतर ऑक्टोबर ते डिसेंबर असे बारा आठवडे तुम्ही रजा घेऊन बाळाला सांभाळायचे, असे घरात ठरलेले आहे. तेवढ्यात एका व्हॉट्सअॅप गटात निरोप आला की राज्याची पगारी कौटुंबिक रजा विमा योजना रद्द करण्याचे विधेयक विधिमंडळात आले आहे. आता तुम्ही विचारता आहात की ऑक्टोबरची वाट न पाहता बाळ जन्मल्याबरोबर सगळी रजा घेऊन टाकावी का, आणि योजना खरोखरच गुंडाळली गेली तर इतकी वर्षे पगारातून कापल्या गेलेल्या पैशांचे काय. जाता जाता तुम्ही आणखी एक ओळ लिहिली आहे, जिच्याकडे तुमचे स्वतःचे फारसे लक्ष गेलेले दिसत नाही: ही नोकरी तुम्ही याच वर्षी, म्हणजे २०२६ च्या जानेवारीच्या ५ तारखेला धरली, कंपनी तीसेक माणसांची आहे, आणि तुम्ही एच-१बी व्हिसावर आहात. माझ्या मते रद्द होण्याच्या बातमीपेक्षा ती ओळ जास्त महत्त्वाची आहे. तिच्याकडे मी शेवटी येतो, कारण बाकीचे समजल्याशिवाय तिचे वजन कळणार नाही.

मी गेली सोळा वर्षे या राज्यातल्या लहान-मध्यम कंपन्यांचे पेरोल आणि रजांचे कामकाज पाहतो आहे. मी वकील नाही. व्हिसाच्या बाबतीत जे लिहिले आहे ते तुमच्या वकिलांकडून तपासून घ्यावे.

पैशांपासून सुरुवात करू, कारण गैरसमज तिथेच जास्त आहेत. पगारपत्रकावर जी कपात दिसते तो विम्याचा हप्ता आहे, भविष्य निर्वाह निधीसारखी तुमच्या नावावर साठत जाणारी रक्कम नव्हे. सर्वांचे हप्ते एका खात्यात जातात आणि ज्यांच्यावर वेळ येते त्यांना त्यातून भरपाई मिळते. म्हणून योजना उद्या बंद झाली, तरी ‘माझे इतक्या वर्षांचे पैसे परत द्या’ असे म्हणण्याला आधार मिळणे कठीण; गाडीचा विमा उतरवून अपघात झाला नाही, तर हप्ता परत मागता येत नाही, तसेच हे. आपल्याकडच्या मंडळींचा घोटाळा बहुधा यामुळे होतो की भारतात प्रसूती रजेचा पगार सहसा कंपनीच देते, तिथल्या कायद्याने तो बोजा मालकावरच टाकलेला आहे, आणि २१,००० रुपयांपर्यंत वेतन असणाऱ्यांना लागू असलेल्या राज्य विमा महामंडळाच्या, म्हणजे ईएसआयसीच्या योजनेशी आयटीतल्या माणसाचा संबंध क्वचितच आलेला असतो. वॉशिंग्टनची योजना त्या ईएसआयसीच्या जातीची आहे. हप्त्यावर चालते, सरकारी खाते पैसे देते, मालक कपात करून भरणा करतो.

आकडे पाहिले तर हिशेब स्पष्ट होईल. २०२५ साली हप्ता पगाराच्या ०.९२ टक्के होता आणि त्यातला सुमारे ७१ टक्के भाग कर्मचाऱ्याचा. वर्षाला १,००,००० डॉलर पगार असेल, तर कर्मचाऱ्याच्या खिशातून वर्षभरात साधारण ६५० डॉलर जातात. पंधरवड्याच्या पगारपत्रकावर ही ओळ २५ डॉलरच्या आसपास दिसते. त्याच माणसाने त्या वर्षी रजा घेतली असती, तर आठवड्याला सुमारे १,३०० डॉलर, म्हणजे बारा आठवड्यांचे साडेपंधरा हजारांहून अधिक मिळाले असते. त्या वर्षीची कमाल मर्यादा आठवड्याला १,५४२ डॉलर होती. ज्यांनी कधीच रजा घेतली नाही त्यांना ही कपात टोचते, आणि रद्द करण्याची मागणी तिथूनच उठते, हे मला रोज दिसते.

आता ‘रद्द’ या शब्दाकडे. या राज्यात हा खेळ एकदा पूर्ण होऊन गेला आहे, आणि तो ज्यांनी पाहिला ते निरोप वाचून फार घाबरत नाहीत. कौटुंबिक रजा विम्याचा पहिला कायदा इथे २००७ मध्ये झाला. गव्हर्नर क्रिस्टीन ग्रेगॉयर यांनी त्यावर सही केली. बाळाचा जन्म किंवा दत्तक विधान झाल्यास पाच आठवड्यांपर्यंत, आठवड्याला २५० डॉलर, आणि सुरुवात ऑक्टोबर २००९ पासून, असे त्यात होते. पैसा कुठून यायचा हे मात्र त्यात ठरलेले नव्हते. मंदी आली, २००९ मध्ये सुरुवात तीन वर्षे पुढे ढकलली गेली, २०११ मध्ये आणखी तीन वर्षे, आणि २०१३ मध्ये तर विधिमंडळ निधी मंजूर करेपर्यंत बेमुदत. त्याच वर्षी तो साफ रद्द करण्याचे विधेयकही सिनेटमध्ये आले होते. थोडक्यात, कायदा पुस्तकात दहा वर्षे राहिला आणि त्यातून एकाही बाळाच्या आईबापांना एक डॉलर मिळाला नाही. शेवटी तो खरोखर रद्द झाला तो २०१७ मध्ये, आणि रद्द करणारा कायदा म्हणजेच आजच्या योजनेचा कायदा. नव्या कायद्याच्या शेवटच्या कलमांत जुने प्रकरण रद्द केल्याची नोंद आहे. ‘वॉशिंग्टनने कौटुंबिक रजा विमा रद्द केला’ हे वाक्य त्या वर्षी अक्षरशः खरे होते, आणि त्याच सहीने बारा आठवड्यांची रजा जन्माला आली होती.

म्हणून माझा पहिला नियम असा की विधेयकाचा क्रमांक हाती आल्याशिवाय मी चर्चाच करत नाही. तुम्हाला आलेल्या निरोपात क्रमांक नाही. तो मागा. विधिमंडळाच्या संकेतस्थळावर क्रमांक टाकला की मूळ मसुदा, समितीच्या कर्मचाऱ्यांनी केलेले निःपक्ष विश्लेषण आणि सध्याची अवस्था एकाच पानावर दिसते. मसुदा उघडल्यावर सरळ शेवटी जा. तिथे रद्द होणाऱ्या कलमांची यादी असते. त्या यादीत शीर्षक ५०ए, म्हणजे राज्याच्या कायदेसंग्रहातला या योजनेचा भाग, यातली सगळी प्रकरणे असतील तर योजना रद्द करण्याचा प्रस्ताव आहे. एक-दोन कलमे असतील तर एखादा अधिभार, एखादी अट किंवा एखादा अहवाल काढून टाकण्याची गोष्ट आहे, आणि ती व्हॉट्सअॅपवर फिरता फिरता ‘योजना बंद’ होते. यादीखाली दोन गोष्टी शोधा: अंमलाची तारीख, आणि आधीच सुरू झालेल्या दाव्यांचे काय करायचे ते सांगणारी तरतूद. ही दुसरी तरतूद नसलेला मसुदा मी तरी गांभीर्याने घेत नाही, कारण ज्याला ते विधेयक खरोखर मंजूर करून घ्यायचे आहे त्याने हा प्रश्न आधीच सोडवलेला असतो.

विधेयक मांडणे आणि ते मंजूर होणे यांत फार अंतर आहे. समितीच्या अध्यक्षांनी सुनावणी लावलीच नाही, तर विधेयक तिथेच पडून राहते. आज दोन्ही सभागृहांत डेमोक्रॅटिक पक्षाचे बहुमत आहे, गव्हर्नर बॉब फर्ग्युसन त्याच पक्षाचे आहेत, आणि २०१७ चा कायदा झाला तेव्हा सिनेट रिपब्लिकन नेतृत्वाखाली असूनही उद्योजकांच्या संघटना आणि कामगार संघटना यांनी एकत्र बसून तो ठरवला होता. सिनेटमध्ये तो मांडणारे जो फेन रिपब्लिकनच होते. अशा पार्श्वभूमीवर सरळ रद्द करणारे विधेयक यंदा पार होईल असे मला अजिबात वाटत नाही. हे माझे मत झाले. पण तुमचा निर्णय माझ्या मतावर अवलंबून ठेवू नका. तो तारखांवर ठेवता येतो, आणि तारखा पक्क्या आहेत.

यंदाचे अधिवेशन ६० दिवसांचे आहे, १२ जानेवारी ते १२ मार्च. सम वर्षातले हे अधिवेशन संपले की त्या दोन वर्षांच्या मुदतीतली सगळी अपूर्ण विधेयके संपतात, आणि विशेष अधिवेशन बोलावले नाही तर पुढचा मसुदा जानेवारी २०२७ मध्येच येऊ शकतो. या अधिवेशनात मंजूर झालेला कायदा सर्वसाधारणपणे अधिवेशन संपल्यावर ९० दिवसांनी, म्हणजे जूनच्या दुसऱ्या आठवड्यात लागू होतो. त्यात तातडीचे कलम किंवा वेगळी तारीख घातली असेल तर गोष्ट निराळी. याचा अर्थ असा की १२ मार्च उलटून गेला आणि असे विधेयक मंजूर झालेले नसेल, तर तुमच्या ऑक्टोबर ते डिसेंबरच्या रजेला विधिमंडळाकडून धोका उरत नाही. उरतो तो जनतेने थेट मतदानाने कायदा करण्याचा मार्ग. त्यासाठी सह्या जुलैच्या सुरुवातीपर्यंत द्याव्या लागतात, मतदान ३ नोव्हेंबरला, आणि मंजूर झालेला प्रस्ताव निवडणुकीनंतर तिसाव्या दिवशी, म्हणजे डिसेंबरच्या सुरुवातीला लागू होतो. म्हणजे सगळे वाईटात वाईट घडले तरी तुमच्या बारा आठवड्यांतले शेवटचे तीन-चार आठवडे वादात येतील, आणि तसा प्रस्ताव मतपत्रिकेवर येणार की नाही हे तुम्हाला जुलैमध्येच कळलेले असेल.

थेट मतदानाचा विषय निघाला म्हणून एक खुलासा, कारण महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमांत जेवणाच्या रांगेत मी हा गोंधळ अनेकदा ऐकला आहे. २०२४ मध्ये मतपत्रिकेवर जो प्रस्ताव होता तो ‘डब्ल्यूए केअर्स’ या दीर्घकालीन शुश्रूषा विम्यातून बाहेर पडण्याची मुभा देण्याचा होता, आणि मतदारांनी तो फेटाळला. त्या विम्याची ०.५८ टक्क्यांची कपात पगारपत्रकावर कौटुंबिक रजेच्या कपातीच्या शेजारीच दिसते, म्हणून लोक दोन्ही एकच समजतात. एच-१बीवाल्यांना डब्ल्यूए केअर्समधून सूट मिळू शकते. कौटुंबिक रजेच्या विम्यातून तशी सूट नाही, आणि व्हिसा कोणताही असला तरी राज्यात आवश्यक तास काम केलेले असेल तर लाभ मिळतो. ‘ते बंद होणार आहे, आपल्याला तसाही काही उपयोग नव्हता’ असे कोणी म्हणाले, तर तो कोणत्या ओळीबद्दल बोलतो आहे ते आधी विचारा.

आता नव्या नोकरीबद्दलच्या तुमच्या त्या एका ओळीकडे. या योजनेत दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि बहुतेक जण त्या एकच धरून चालतात: रजेच्या काळात मिळणारे पैसे, आणि रजेनंतर तीच किंवा समान नोकरी परत मिळण्याचा हक्क. पैशांसाठी लागतात ठरलेल्या काळात राज्यात केलेले ८२० तास, आणि ते आधीच्या मालकाकडचेही धरले जातात. तुम्ही गेली चार वर्षे याच राज्यात काम करत आहात, त्यामुळे नोकरी बदलल्याने पैशांना बाधा येत नाही. नोकरीचे संरक्षण मात्र आताच्या मालकाशी जोडलेले आहे. जुना नियम ५० किंवा अधिक माणसांच्या कंपनीत वर्षभर काम केलेल्यांनाच संरक्षण देत असे. १ जानेवारी २०२६ पासून तो बदलला: कंपनीत २५ किंवा अधिक माणसे आणि रजेपूर्वी त्या कंपनीत किमान १८० दिवसांची नोकरी, एवढे पुरते. तुमच्या तीस माणसांच्या कंपनीला हा बदल थेट लागू होतो.

दिवस मोजून पाहा. ५ जानेवारीपासून एप्रिलच्या अखेरीपर्यंत होतात ११५ च्या आसपास. म्हणजे निरोपाला घाबरून तुम्ही बाळ जन्मल्याबरोबर बारा आठवड्यांची रजा घेतलीत, तर राज्य तुम्हाला पैसे देईल, पण नोकरी परत देण्याचे बंधन या कायद्याने कंपनीवर राहणार नाही. केंद्रीय कायद्याची बिनपगारी रजाही तुमच्या कामाची नाही, कारण तिला ५० माणसे आणि एक वर्षाची नोकरी लागते. ऑक्टोबरपर्यंत थांबलात, तर १८० दिवस जुलैच्या पहिल्या आठवड्यातच पूर्ण झालेले असतील आणि पैसे व संरक्षण दोन्ही तुमच्याकडे असतील. एच-१बीवर असताना नोकरी गेली, तर नवा मालक शोधायला किंवा दुसरी व्यवस्था करायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, आणि ते दिवस घरात तान्हे बाळ असताना मोजावे लागतील. जे विधेयक मंजूर होण्याची शक्यता नगण्य आहे त्याच्या भीतीने हा धोका पत्करणे मला तरी पटत नाही.

काही जण विचारतात की निदान जन्मानंतर आठवडाभर रजा घेऊन दावा ‘उघडून’ ठेवला तर पुढचे आठवडे सुरक्षित होतात का. कायदा खरेच रद्द झाला तर त्याचे उत्तर वर सांगितलेल्या तरतुदीवर, म्हणजे चालू दाव्यांबद्दल मसुद्यात काय लिहिले आहे त्यावर ठरेल. आज त्याची हमी कोणी देऊ शकत नाही. पण बाळंतिणीच्या सोबतीला म्हणून आठवडाभराची रजा साहेबांशी बोलून घेतली, तर त्यात वावगे काही नाही. फक्त तो आठवडा बारातून वजा होतो, हे सासूबाईंच्या परतीचे तिकीट काढताना लक्षात ठेवा.

पत्नीची बाजू वेगळी आहे. त्या मोठ्या कंपनीत तीन वर्षे आहेत. प्रकृतीची आणि बाळाच्या संगोपनाची अशी मिळून साधारणतः सोळा आठवड्यांपर्यंत राज्याची रजा त्यांना मिळेल आणि केंद्रीय कायद्याचेही संरक्षण आहे. मात्र त्यांच्या कंपनीच्या रजाधोरणाचा कागद एकदा बारकाईने वाचा. मोठ्या कंपन्या ‘पूर्ण पगार’ असे जाहीर करतात, पण आत लिहिलेले असते की राज्याकडून मिळणारी रक्कम वजा करून उरलेला फरक कंपनी देईल. गेल्या वर्षी एका अशिलाकडे मी असाच कागद वाचत होतो. सतरा पानांत ते वाक्य अकराव्या पानावर तळटिपेत होते. राज्याची योजना गेली तर अशा धोरणात कंपनी शंभर टक्के भार उचलणार की फक्त आपला फरकच देणार, हे त्या एका वाक्याच्या शब्दांवर ठरते. तुमच्या कंपनीचे स्वतःचे धोरणच नाही, असे तुम्ही लिहिले आहे. म्हणजे योजना रद्द झाली तर एकाच घरात पत्नीचे नुकसान थोडे आणि तुमचे पूर्ण.

मालकांची तक्रारही मी रोज ऐकतो आणि ती खोटी नाही. ५० पेक्षा कमी माणसे असलेल्या कंपनीला मालकाचा हप्ता भरावा लागत नाही, पण बारा माणसांच्या उपाहारगृहातला मुख्य आचारी तीन महिने रजेवर गेला, तर खर्च हप्त्याचा नसतो, बदली माणसाचा असतो, आणि तशी माणसे मिळत नाहीत. हप्ताही वाढत गेला आहे: २०१९ मध्ये ०.४ टक्के होता, २०२६ मध्ये १.१३ टक्के आहे, आणि कायद्यातली कमाल मर्यादा १.२ टक्के. मर्यादेच्या इतक्या जवळ आल्यावर विधिमंडळाला पुढच्या एक-दोन वर्षांत काहीतरी करावेच लागेल. माझ्या अनुभवात अशा योजनेला खरा धोका इथून येतो: दर, लाभाची रक्कम, पात्रतेचे तास, सुरुवातीच्या तारखा. मेरीलँडने २०२२ मध्ये कायदा केला आणि लाभ आता २०२८ पर्यंत पुढे ढकलले आहेत. याउलट कॅलिफोर्नियात २००४ पासून आणि न्यू जर्सीत २००९ पासून लाभ चालू आहेत. एकदा लोकांच्या खात्यात पैसे जाऊ लागले की पूर्ण योजना काढून घेणे कोणत्याही राज्याला अजून जमलेले नाही. म्हणून ‘रद्द’ या शब्दापेक्षा ‘सुधारणा’ या शीर्षकाची विधेयके अधिक काळजीने वाचावीत, असे मी अशिलांना सांगतो.

तेव्हा तुमच्या जागी मी असतो तर ऑक्टोबरचा बेत बदलला नसता. १३ मार्चला विधिमंडळाचे संकेतस्थळ एकदा पाहिले असते आणि जुलैच्या मध्यावर मतपत्रिकेच्या प्रस्तावांची यादी. जुलैच्या पहिल्या आठवड्यात १८० दिवस पूर्ण झाल्यावर व्यवस्थापकांना तोंडी कल्पना दिली असती, आणि ऑगस्टच्या अखेरीस लेखी सूचना, कारण कायद्याला किमान ३० दिवस आधीची लेखी सूचना लागते आणि लहान कंपनीत बदली माणूस शोधायला त्याहून जास्त वेळ जातो. रुजू झाल्याची तारीख असलेले नियुक्तीपत्र आणि जानेवारीतले पहिले पगारपत्रक एका ठिकाणी काढून ठेवा. १८० दिवसांचा वाद निघाला तर तेच दोन कागद लागतात. बाळाचा जन्मदाखला मिळाला की त्याची प्रत त्याच धारिकेत ठेवा, कारण रजेचा अर्ज जन्मानंतरच करता येतो आणि संगोपनाची रजा बाळ वर्षाचे होण्याच्या आत संपवावी लागते. विधेयकाचा क्रमांक मिळाला तर इथे लिहा, मसुद्याचे शेवटचे पान मी वाचून सांगतो.